भर समुद्रातल्या बारा बंदुका

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.

डॉक्टर म्हणतो, राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं. बीपी खाली येतं. ठीक आहे. मागच्या वर्षीची बँकेची डायरी कोरीच पडली होती, वार खोडून ती वापरतो. ही कोणी वाचायची नाही. बायकोनं, मंजुषानं, तर मुळीच नाही.

सुरुवात आनंदाच्या नोंदीनं. काल माझी कादंबरी पूर्ण झाली. नाव 'सशस्त्र सागर'. पानं ४१२. विषय : समुद्री चाच्यांपासून व्यापारी जहाजं वाचवायची असतील तर जहाजांवर बंदुका पाहिजेत. मराठीत हा विषय आजवर कोणी घेतला नाही. का घेतला नाही याचा मला भयंकर राग आहे, पण आज आनंदाची नोंद आहे म्हणून थांबतो.

बंदुका माझ्याइतक्या कोणाला कळतात? कचेरीत एकोणतीस वर्षं नोकरी, त्यातली सतरा शस्त्र परवान्याच्या टेबलावर. रानडुकरांसाठी भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक मागणारा गोंडपिपरी तालुक्यातला एकेक शेतकरी माझ्या समोर उभा राहून गेला आहे. समुद्र पाहिलेला नाही, हे खरं. घोडाझरीचा तलाव पाहिला आहे. पाणी ते पाणी.

मंजुषा म्हणते, आदेश जहाजावर गेला म्हणूनच तुमी हे लिवून राह्यले. साफ चूक. मुलगा मार्चमध्ये जहाजावर गेला आणि मी मार्चमध्ये लिहायला बसलो, हा योगायोग आहे. राजुऱ्याला आयटीआय केलं, इथंच कुठं तरी चिकटला असता. सही करून आल्यावर मला सांगतो की बाबा, मालवाहू जहाजावर फिटर म्हणून चाललो. त्या विषयावर मी त्याच्याशी बोलत नाही.

योजना : दसऱ्याला प्रकाशन. दिवाळीत दुसरी आवृत्ती. मार्चपर्यंत दिल्लीहून पुरस्काराचं पत्र.

२१ ऑगस्ट, बुधवार.

पाच झेरॉक्स प्रती काढल्या. कचेरीची सवय. एक प्रकाशकाला, एक कार्यालयीन, एक राखीव, एक दिल्लीसाठी, एक पाहुण्यांसाठी दिवाणावर.

झेरॉक्सवाल्यानं पानं २०१ ते २५० उलटी लावली. त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो म्हणे, बाबू, कोणी वाचणार हाय का एवढं? पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही. (गावात झेरॉक्स मशीन एकच आहे.)

नागपूरच्या प्रकाशकाला कुरिअर केलं. सोबत पत्र : निर्णय पंधरा दिवसांत कळवावा.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा.

बारा दिवस झाले, उत्तर नाही. मी टेबलावर होतो तेव्हा बाराव्या दिवशी निदान त्रुटीचं पत्र तरी जायचं.

आदेशचा व्हॉट्सअॅपवर फोन. मंजुषानं जबरदस्ती माझ्या कानाला लावला. बोलायचं नव्हतं, पण लेखक म्हणून माहिती पडताळणं कर्तव्य आहे. विचारलं, तुमच्या जहाजावर बंदुका किती? म्हणे, एकही नाई बाबा. माझा विश्वासच बसला नाही. म्हणे, काही कंपन्या धोक्याच्या पट्ट्यापुरते बंदूकवाले गार्ड घेतात, आमची नाई घेत. मग चाचे आले तर काय करता? म्हणे, रेलिंगले काटेरी तार लावतो, पाण्याचे पाइप बाहेर सोडतो, अन् लईच जवळ आले तं सगळे आतल्या खोलीत जाऊन लोखंडी दार लावून बसतो.

दार लावून बसतो! माझा कॅप्टन रणधीर बारा बंदुका घेऊन चाच्यांना तोंड देतो आणि माझा मुलगा दार लावून बसतो. मी फोन मंजुषाकडे दिला. ती बैलाच्या पायावर पाणी टाकायला निघाली होती, तशीच शेजारच्या पत्रूच्या अंगणात उभी राहून अर्धा तास त्याच्याशी बोलली. तो काय जेवला, हेच.

९ सप्टेंबर, सोमवार.

आदेश रोज काही ना काही लिहून पाठवतो. सगळं माझ्या कादंबरीच्या विरोधात. उदाहरणार्थ, समुद्राले मधात वास नसते बाबा, वास किनाऱ्याजवळच येते. माझ्या पहिल्याच वाक्यात भर समुद्राचा वास आहे. उदाहरणार्थ, इंजिन रूममधी मे महिन्यातल्या चंद्रपूरसारखं असते, फक्त झाडाखाली बसाची सोय नाई.

उद्या एखादा समीक्षक हीच फालतू माहिती काढून माझ्यावर धावून येईल. तेव्हा आधीच बंदोबस्त. कादंबरीला परिशिष्ट जोडतो. 'परिशिष्ट क : जहाजावरील एका अननुभवी कामगाराचे गैरसमज व त्यांचे खंडन.' डावीकडे आदेशचे मेसेज जसेच्या तसे, त्याच्या भाषेत. एक अक्षर बदलायचं नाही, नाही तर म्हणतील पुराव्यात फेरफार केला. उजवीकडे माझं खंडन.

डावी बाजू भरली. उजवी बाजू सावकाश.

२४ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी.

पत्र आलं.

दीपाली नावाच्या कोणी संपादक आहेत. 'आदरणीय धनराजजी' म्हणून सुरुवात आणि पुढं सगळा अनादर. म्हणतात, पहिल्या दोनशे दहा पानांत जहाज बंदर सोडत नाही. कसं सोडेल? कॅप्टन रणधीर बारा बंदुकांच्या परवान्याची कागदपत्रं जमवतो आहे! दोन फोटो, वैद्यकीय दाखला, ठाण्याचा अहवाल, वन विभागाचा अभिप्राय. हा तर सगळ्यात थरारक भाग. ते 'हरकत नाही' मिळेपर्यंत वाचकाचा जीव टांगणीला लागतो. माझ्या टेबलासमोर माणसं अशीच उभी असायची, मी त्यांच्या तोंडावर पाहिलं आहे.

म्हणतात, जहाजाचा सातबारा नसतो. मग मालकी कशी ठरते?

म्हणतात, चाच्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा पिकाच्या पंचनाम्यासारखा वाटतो. नुकसान ते नुकसान.

आणि या सगळ्यावर कळस. एकोणिसाव्या प्रकरणात निवडणूक लागते, आचारसंहितेमुळे कॅप्टनला बाराही बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि नेमके तेव्हाच चाचे येतात. बाई विचारतात, भर समुद्रात पोलीस ठाणं कुठून आलं?

अहो, हद्द कोणाची तरी असणारच ना!

गोळी घेतली. अर्धी पुन्हा घेतली.

३० सप्टेंबर, सोमवार. नागपूर, बसस्थानक.

स्वतः जाऊन आलो. संकल्प होता की आवाज चढवायचा नाही. पावणेबारापर्यंत पाळला.

दीपालीबाई निघाल्या तिशीतल्या. चहा दिला. खरं तर त्या चांगलं बोलल्या, त्याचाच जास्त राग आला. भांडणारा माणूस मला समजतो. म्हणाल्या, तुमच्या समुद्राला धानाच्या बांधीचा, चिखलाच्या खाचराचा वास येतो. मी म्हटलं, ही तारीफ समजायची का? म्हणाल्या, नाही. मग विचारलं, तुम्ही हे कोणासाठी लिहिलं? मी म्हटलं, देशासाठी. मग हळूच विचारतात, घरातलं कोणी जहाजावर आहे का?

इथं आवाज चढला. साहित्याचा आणि घराचा काय संबंध? एखाद्यानं खुनाची कादंबरी लिहिली तर तुम्ही त्याच्या घरी प्रेत शोधायला जाता का? बाजूच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला.

निघताना राखीव प्रत परिशिष्टासकट त्यांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, आक्षेप घेणाऱ्यांची तोंडं बंद करायची सोय यात केलेली आहे, वाचा. खंडनाची उजवी बाजू अजून कोरी आहे हे बसमध्ये बसल्यावर आठवलं. आता खाली उतरून परत जाणं शोभत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

आज प्रकाशन व्हायचं होतं. घरात कोणाच्या लक्षातही नाही. मी पाचव्या प्रतीवर आपट्याचं पान ठेवून नमस्कार केला. मंजुषानं ते झाडताना उचलून फेकलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

विधानसभेची आचारसंहिता लागली. संध्याकाळी पत्रू आला. जंगलाच्या कडेला साडेतीन एकर धान आहे त्याचं, लोंबीवर आलेलं. बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस आली म्हणून कपाळ धरून बसला. त्याच्या परवान्याचा प्रस्ताव माझ्याच हातून गेला होता, तीन त्रुटी काढून.

म्हणे, बाबू, डुकरं का मत देतेत का? त्यायले आचारसंहिता माहीत हाय का?

मी उठून त्याला एकोणिसावं प्रकरण वाचून दाखवलं. पूर्ण. पंचेचाळीस मिनिटं. पत्रूच्या डोळ्यांत पाणी आलं! म्हणे, अगदी असंच होते जी बाबू, अगदी असंच. नागपूरकरांनी हे पाहायला हवं होतं. समुद्रातलं पोलीस ठाणं त्याला कुठंही खटकलं नाही.

त्याला शब्द दिला की या वर्षी तुझ्या धानाची एक लोंबीही जाणार नाही. बंदूक नसताना जहाज कसं वाचवायचं, हे विसाव्या प्रकरणात आहेच.

२२ ऑक्टोबर, मंगळवार.

पत्रूच्या शेताची पाहणी केली. नकाशा काढला. मचाण पूर्वेला, झोपडी मधोमध, डुकरं येणार पश्चिमेच्या नाल्यातून. विसाव्या प्रकरणाप्रमाणे : निधड्या छातीनं समोर उभं राहायचं आणि शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालायचे. शत्रू माघार घेतो.

पत्रूची बायको नीलाबाई म्हणे, बाबू, तुमी घरीच बसा, आमी पीपा वाजवतो. पीपा म्हणजे तेलाचा रिकामा डबा. मी तिला समजावलं की आवाजानं शत्रू सावध होतो. ती पीप्यासाठी काठी शोधायला गेली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी.

काल संध्याकाळी सहाला शेतात होतो. पत्रू ठाण्यात पावती आणायला गेला होता, त्यामुळे नेतृत्व माझ्याकडे. सव्वासहाला नाल्यातून डुकरं निघाली. मी आठ मोजली. पुढच्याचे सुळे बाहेर आलेले होते. डोळ्यांत डोळे घालण्याचा मुद्दा तपासून पाहिला. डुकराचे डोळे फार बारीक असतात, ही अडचण मी लक्षात घेतली नव्हती.

त्यानंतर मी झोपडीत होतो. दाराला आतून फळी लावलेली होती. ती कधी लावली ते नेमकं आठवत नाही. आत बसून मी परिस्थितीचा अभ्यास करत होतो. बाहेर पीपा वाजत होता, नीलाबाई एकटी बांधावरून ओरडत धावत होती, एकेका डुकराला एकेक शिवी, एकही शिवी दुसऱ्यांदा आली नाही. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

सगळं शांत झाल्यावर तिनं दार ठोठावलं. म्हणे, गेले बाबू, या बाहीर. दोन बांध्या आडव्या झाल्या होत्या. तिनं मला काही म्हटलं नाही. पत्रू आल्यावर त्यालाही सांगितलं नाही. माझ्यासमोर तरी नाही.

मला डुकरांचा राग आहे. विसाव्या प्रकरणाचाही थोडा.

३ नोव्हेंबर, रविवार.

दिवाळी कशी झाली कोण जाणे. पुस्तकाची एकही आवृत्ती निघालेली नाही. नागपूरहून दोन ओळीसुद्धा नाहीत.

आदेशचा फोन आला. जहाज त्या पट्ट्यात शिरणार. नऊ दिवस फोन बंद ठेवायचा हुकूम आहे. म्हणे, नऊच दिवस हायत बाबा, तुमी बीपीची गोळी घ्या. मी त्याला म्हटलं की तुझ्या कंपनीच्या मालकाचा पत्ता दे, मी त्याला कादंबरीची चौथी प्रत पाठवतो, वाचून लाज वाटेल त्याला. तो हसला. मी हसण्यासारखं काही बोललो नव्हतो. मग मी चिडून फोन ठेवला. नीट राहा, असं म्हणायचं राहून गेलं. मंजुषानं तरी म्हटलं असेल.

५ नोव्हेंबर.

फोन नाही. येणारच नव्हता. तरी तीनदा पाहिला.

६ नोव्हेंबर.

परिशिष्टाची उजवी बाजू लिहायला बसलो. 'लोखंडी दार लावून बसणे' यासमोर खंडन लिहायचं होतं. दोन तास बसलो. काही सुचलं नाही.

८ नोव्हेंबर.

मंजुषाशी भांडण. कारण, वरणात मीठ. कारण ते नव्हतं. ती म्हणे, माह्यावर काऊन ओरडता, मले का पोरगा नाई का? ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी तेवढी नव्हती.

९ नोव्हेंबर.

कंपनीवर राग. समुद्रावर राग. आयटीआयवर राग. मुंबईला जाणाऱ्या गाडीवर राग.

१० नोव्हेंबर. पहाटे.

हा राग नाही. भीती वाटते आहे. लिहून ठेवतो आणि खोडत नाही. रागाचं काय करायचं ते डॉक्टरला विचारलं होतं, भीतीचं विचारायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो. अक्षर बदलायचं नाही, हा माझाच नियम आहे.

"बाबा, आई, निघालो त्या पट्ट्यातून. सगळे बरे हायत. रेलिंगले तार लावली होती, आपण कंपाउंडले लावतो तशीच, पण ब्लेडवानी धार. माणसं कमी होती म्हणून मोठ्या साहेबानं सांगतलं, कामाच्या जुन्या बॉयलर सूटात चिंध्या भरा अन् पुतळे उभे करा, दुरून पहारेकरी वाटले पायजे. सगळ्यायचे पुतळे झोकांड्या खाऊन राह्यले होते. माहाच एक सरळ उभा राह्यला, काऊन का बुजगावणं बांधाले मले तुमी शिकवलं होतं, खांद्यातून आडवी काठी अन् कमरेत दोन गाठी. हातात ब्रशचा दांडा देल्ला, दुरून बंदूकच वाटे. तोंड रंगवाले सांगतलं तं मी भुवया जाड काढल्या. फिलिपीन्सचा कुक विचारे, हा एवढा रागात काऊन हाय? मी म्हटलं, हा माहा बाप हाय. तवापासून सगळे त्याले बाबाच म्हणत. ड्युटीवर जातानी सलाम ठोकून जात.

सातव्या दिवशी दोन होड्या आल्या, लहान, लई जोरात. आमाले आत घेतलं, दार लावलं. दीड तास बसलो. मले सारखं वाटे, आपण सगळे आत अन् बाबा एकटाच बाहेर उभा हाय. मंग होड्या गेल्या. काऊन गेल्या, माहीत नाई. बाहेर येऊन पाह्यलं तं हवेनं सगळे पुतळे पडले होते. बाबा उभाच होता. टोपी तेवढी उडाली होती. फोटो पाठवतो."

तर मी बुजगावणं. ४१२ पानांची कादंबरी लिहिणारा माणूस, सतरा वर्षं शस्त्र परवान्याचं टेबल सांभाळलेला, याच्या हातात ब्रशचा दांडा! परदेशी माणसं येता-जाता सलाम करून हसतात! संताप आला. मंजुषा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. तिलाही बोललो.

फोटो अकरा वेळा पाहिला. भुवया माझ्यासारख्या अजिबात नाहीत.

दार लावून बसणं हे भित्रेपण म्हणता येणार नाही. याबाबत माझं मत आधीच बदललेलं होतं, २४ ऑक्टोबरपासून.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

आदेशचा मेसेज स्वच्छ अक्षरात उतरवून नागपूरला पोस्ट केला. 'परिशिष्ट क, पुढे चालू.' फोटोचीही प्रिंट जोडली. त्यांनी कादंबरी घ्यावी म्हणून नव्हे. प्रकरण अपूर्ण राहिलेलं मला चालत नाही. फाइलला सगळे कागद लागलेच पाहिजेत, मग ते आपल्या विरोधात का असेनात.

सोबतच्या पत्रात लिहिलं की सदर मजकूर लेखकाची बदनामी करणारा आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान.

मत दिलं. रांगेत पत्रू भेटला. बंदूक अजून ठाण्यातच आहे. धान निघालं, दोन बांध्या सोडून. म्हणे, आदेशचा फोटो आमच्या मोबाइलवर पण आला, लई भारी उभे हाव तुमी बाबू. मंजुषानं गावभर पाठवला आहे. रांगेत सगळ्यांच्या समोर तिच्यावर ओरडता येत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.

दीपालीबाईंचा फोन! मी म्हटलं, बोला, किती प्रती काढता?

त्यांचं एक त्रैमासिक आहे, त्याचा हिवाळी अंक निघतो आहे. त्यात घ्यायचं म्हणतात. कादंबरीतलं कोणतं प्रकरण, विचारलं. एकोणिसावं असणार, पत्रू रडला होता. त्या म्हणाल्या, प्रकरण नाही, परिशिष्ट. डावी बाजू. आदेशचे सगळे मेसेज, शेवटचा फोटोसकट, त्याच्या भाषेत, त्याच्या नावानं. उजवी बाजू कोरी आहे ती बरी आहे, म्हणाल्या.

मी विचारलं, कादंबरीचं काय? त्या म्हणाल्या, धनराजजी, कादंबरी राहू द्या.

आदेशची परवानगी त्यांनी परस्पर मेसेज करून घेतली आहे. त्यांना त्याचा नंबर कोणी दिला हे विचारायची गरज नाही, मंजुषा दारात उभी होती. फक्त एक कागद हवा आहे. लेखात तुमचा उल्लेख आहे, फोटो तुमच्या नावाचा आहे, तेव्हा तुमचं हरकत नसल्याचं पत्र लागेल.

माझ्याकडे मागतात! सतरा वर्षं लोक ज्या कागदासाठी माझ्या टेबलासमोर उभे राहिले, तो. मी म्हटलं, विचार करून कळवतो. यात त्रुटी आहेत.

३० नोव्हेंबर, शनिवार.

पत्राचा मसुदा लिहिला. पानं सात. हरकती एकूण चौतीस. पहिली हरकत : भुवया. दुसरी : दांडा. अकराव्या हरकतीपासून कादंबरीचं कथानक थोडक्यात दिलं आहे, म्हणजे वाचकाला पार्श्वभूमी कळेल. पत्रच छापलं तर कादंबरीचा सारांश आपोआप छापून येतो. ही युक्ती त्यांच्या लक्षात येणार नाही.

मंजुषाला वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर ती उठून गेली. दारातून म्हणे, तुमाले नसन आवडत तं नाई म्हणा. पण पोरगा आत बसून तुमचाच विचार करत होता, तेवढं एक ध्यानात ठेवा जी.

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.

कोरा कागद घेतला. समास सोडला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. मग खाली पेन दोनदा टेकवून उचललं. टेबलावर असताना हेच मी डोळे मिटून लिहायचो, दिवसाला दहा-दहा.

मग लिहिलं : 'सदर लेखातील बुजगावणे मी स्वतः असून माझी काहीही हरकत नाही.' सही. तारीख.

सात पानी मसुदा फाडला नाही. फाइलला लावला.

पोस्टात टाकून परत येताना पत्रूच्या शेतावरून आलो. नीलाबाई धसकटं काढत होती. म्हटलं, पुढच्या वर्षी पीपा मी वाजवीन. ती म्हणे, पाहू.

९ डिसेंबर, सोमवार.

दीपालीबाईंचा फोन. पत्र मिळालं. म्हणाल्या, धनराजजी, तुमच्या लिखाणातला एकही शब्द कापावा लागला नाही असं हे पहिलंच. लेखाच्या शेवटी चौकटीत छापतो आहोत. मी म्हटलं, छापा.

मग विचारलं की चौकटीखाली कंसात 'सशस्त्र सागरचे लेखक' असं टाकता येईल का. त्या म्हणाल्या, जागा नाही.

२१ डिसेंबर, शनिवार.

अंक आला. पाकिटावर नाव आदेशचं, मार्फत मी.

पान ४१ ते ४७. फोटो अर्ध्या पानाचा. ४७ च्या तळाशी चौकट, आत माझं वाक्य, खाली माझं नाव. एकूण प्रकाशित साहित्य : एक वाक्य.

आदेशला फोटो काढून पाठवला. जानेवारीत येतो म्हणाला. या वेळी फोन ठेवण्याआधी म्हटलं, नीट राहा. त्याला ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणायला लावलं.

मंजुषानं ती चौकट तीनदा वाचली, एकदा मोठ्यानं. कादंबरी तिनं अजून उघडलेली नाही. पाचवी प्रत दिवाणाचा एक पाय आखूड आहे त्याखाली गेली आहे. काढायला सांगणार होतो, पण दिवाण आता हलत नाही.